छातीतला वॉल

ट्रॉम्बे हे नाव मला लहानपणापासून माहीत होतं, पण गाव म्हणून नाही. आमच्याकडं सुफला खत यायचं, ते तिथल्या कारखान्यातलं. पुढं १९९१ च्या सुमाराला उन्हाळी भुईमुगाचं टॅग-२४ हे वाण निघालं. कृषी सहायक म्हणाले, "यातला टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला आणि जी म्हणजे ग्राउंडनट." ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यावर किरणांचा मारा करून त्याचा गुण बदलायचा, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं ते रानात पारखायचं, असं ते वाण. झाड बुटकं, लवकर येणारं, शेंगा बुडाशी गच्च. आमच्या विहिरीच्या तुटपुंज्या पाण्यावर ते चांगलं साधलं.

त्या ट्रॉम्बेत मला सहा महिने राहावं लागलं, ते खतासाठी नाही आणि बियाण्यासाठीही नाही.

२००५ चा पावसाळा. माझं वय सत्तेचाळीस. माणदेशात, दहिवडीच्या पलीकडं आमचं गाव. विहिरीच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला. आधी वाटलं, वय झालं, तंबाखू सोडावी. मग रात्री उताणं झोपलं की खोकला उसळायचा. उठून बसलं की बरं वाटायचं. मी भिंतीला टेकून झोपायला लागलो. एका पहाटे थुंकीत लालसर दिसलं तेव्हा मंडळी म्हणाली, "आता दावल्याबिगर ऱ्हायचं न्हाय."

फलटणच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग विचारलं, "लहानपणी सांधे धरले होते का?"

धरले होते. १९६८ साल असावं, मी दहा वर्षांचा. घसा आला, ताप आला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. गुडघा उतरला तर घोटा सुजला, घोटा उतरला तर मनगट. आईनं निरगुडीच्या पाल्याचा शेक दिला. महिन्याभरात मी पुन्हा आंब्याच्या झाडावर होतो. सगळे विसरून गेले, मी पण.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. घशात एक जंतू येतो. शरीर त्याच्याशी झगडतं आणि त्या झगड्यात आपल्याच अवयवांवर घाव घालतं. सांध्यांवर घाव पडतो तो भरून निघतो. हृदयाच्या झडपेवर पडतो तो राहतो. ती हळूहळू जाड होते, कडा एकमेकींना चिकटतात, वर चुना साठतो. तीस-पस्तीस वर्षं माणसाला पत्ता नसतो. ह्याला संधिवाताचा ताप म्हणतात. दाटीच्या घरांत आणि गरिबीत तो जास्त. डॉक्टर लोकांत एक बोलणं आहे म्हणे, हा रोग सांध्याला चाटतो आणि हृदयाला चावतो.

साताऱ्याला इको काढला. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, मायट्रल नावाची झडप गेलेली. नीट उघडतही नव्हती आणि नीट मिटतही नव्हती.

हे मला लगेच समजलं, कारण मोटारीचा फुटवॉल मी शंभर वेळा खोलला आहे. आमच्याकडं त्याला फुटबॉलच म्हणतात. विहिरीत पाइपाच्या तळाला असतो. पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. त्यात काडी अडकली, चामडं झिजलं की पाइप रिकामा होतो आणि मोटार नुसती बोंबलते. माझ्या छातीत तेच झालं होतं. पुढं वाट नाही म्हणून रक्त मागं फुप्फुसात तुंबत होतं आणि मला दम लागत होता.

पुढं वाचण्यात आलं की माणसाच्या छातीतला वॉल बनवणाऱ्या सुरुवातीच्या माणसांतला एक जणही पंपातलाच होता. अमेरिकेतला लॉवेल एडवर्ड्स, इंजिनियर. १९५८ साली, साठीच्या घरात असताना तो अल्बर्ट स्टार नावाच्या सर्जनकडं गेला आणि म्हणाला, आपण यंत्राचं हृदय बनवू. सर्जन म्हणाले, आधी एक झडप बनवू. दोघांनी पिंजऱ्यात गोटी बसवली. रक्ताच्या दाबानं गोटी पुढं सरकायची, वाट मोकळी व्हायची. मागं आली की वाट बंद. सप्टेंबर १९६० मध्ये बावन्न वर्षांच्या एका माणसाला ती बसवली. तो दहा वर्षं जगला आणि घराला रंग देताना शिडीवरनं पडून गेला. वॉल शाबूत होता, शिडीनं दगा दिला.

माझी थोरली बहीण, अक्का, ट्रॉम्बेला दिलेली. दाजी खत कारखान्यात होते. कोळीवाड्याच्या कडेला त्यांच्या दोन खोल्या. दाजींचा निरोप आला, "पाव्हणं, कागदं घेऊन या. परळला के.ई.एम.ला दावू." एस.टी. वाशीचा पूल ओलांडून आली, मी मैत्री पार्कला उतरलो. २६ जुलैच्या पुराला दोन महिने झाले होते. चाळींच्या भिंतींवर कमरेएवढी ओल अजून दिसत होती.

ट्रॉम्बे बघून मी बुचकळ्यात पडलो. एका बाजूला अणुशक्ती केंद्राचा पांढरा घुमट, दुसऱ्या बाजूला टेकडी, मधी झोपड्यांचा चीता कॅम्प, आणि रस्ता संपतो तिथं कोळ्यांचं जुनं गाव, खाडी, होड्या, सुकत घातलेली मासळी. दहिवडीचा माणूस मी, पाऊस बघायला आभाळाकडं बघणारा. इथं दिवसातनं दोनदा पाणी आपोआप येत होतं आणि जात होतं.

परळला जायचं म्हणजे पहाटे बस धरून मानखुर्द, तिथनं हार्बरची गाडी, कुर्ल्याला बदलून परळ. जिना चढताना मी प्रत्येक वळणावर थांबायचो आणि दाजी माझ्यासाठी चपलेचा अंगठा नीट करत असल्यागत वाकायचे. म्हणजे मला थांबल्याची लाज वाटू नये.

के.ई.एम. १९२६ सालचं. १६ फेब्रुवारी १९६८ ला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तिथं देशातलं पहिलं हृदयरोपण केलं. डॉ. बर्नार्ड यांनी आफ्रिकेत जगातलं पहिलं केलं त्याला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. पेशंट काही तासच जगला, पण वाट पडली. त्याच साली माझे सांधे धरले होते. म्हणजे मी निरगुडीचा शेक घेत होतो तेव्हा परळला लोक हृदय उघडत होते.

फुग्यानं झडप फुलवायची एक सोय असते, छाती न उघडता. मला तेच हवं होतं. पण चुना फार साठलेला आणि झडप गळकीही, म्हणून ते बाद झालं. बदलावीच लागणार होती.

मग तयारी. आधी दात बघितले. किडलेल्या दातातनं जंतू रक्तात जातात आणि नव्या वॉलवर घर करतात, म्हणून दोन दाढा काढल्या. माझ्याबरोबरचा एक मराठवाड्यातला गडी म्हणाला, "मोटार खोलायच्या आधी टाकीबी धुत्यात व्हय." मग पैसे. बैलजोडी विकली. सिद्धिविनायक मंदिर न्यासाकडं अर्ज केला, रुग्णालयातल्या समाजसेविका बाईंनी आणखी दोन ट्रस्टची पत्रं दिली. मग रक्त. रक्तदाते आणा म्हणाले. मुंबईत आमचं कोण? दाजी दोन दिवस फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा जण बसस्टॉपवर उभे. तिघं कारखान्यातले, दोघं कोळीवाड्यातले, एक चीता कॅम्पातला मुसलमान पोरगा, ज्याच्या बापाच्या टपरीवर दाजी चहा घेत. मला त्यातलं कुणी ओळखत नव्हतं. रक्त देऊन ते तसेच कामावर गेले.

खरी अडचण पुढं आली. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला आणि मंडळीला समोर बसवलं.

"काका, वॉल दोन तऱ्हेचे असतात. एक जनावराच्या अंगचा, डुकराच्या झडपेचा नाहीतर गाई-बैलाच्या हृदयावरच्या पडद्याचा. त्याला रक्त पातळ करायची गोळी जन्मभर लागत नाही. पण दहा-पंधरा वर्षांत तो झिजतो आणि छाती पुन्हा उघडावी लागते. दुसरा धातूचा. तो सहसा झिजत नाही. पण त्यावर रक्त गोठू नये म्हणून रोज गोळी, मरेपर्यंत. गोळी चुकली तर वॉल अडकतो, जास्त झाली तर रक्तस्राव. तुम्ही काम काय करता?"

"शेती."

"विळा, कोयता?"

"रोजचाच."

त्या जरा गप्प झाल्या. म्हणाल्या, "विचार करून सांगा. निर्णय तुमचा."

आजवर माझ्या जगण्यातलं फारसं काही मी ठरवलं नव्हतं. पाऊस ठरवायचा, बाजार ठरवायचा, वडील ठरवायचे. आता माझ्या छातीत काय घालायचं ते मला विचारत होते.

रात्री अक्काच्या घरी बैठक बसली. गावाकडं आईला फोन लावला. आईच्या गळ्यात माळ. ती म्हणाली, "डुकराचं न्हाय, गाईचं तर न्हायच न्हाय." मंडळी कधी सासूपुढं बोलत नाही, पण फोन ठेवल्यावर म्हणाली, "जनावरानं जलमभर पोसलंच की आपल्याला. दूध त्याचं, शेण त्याचं. जीव वाचवायला आतनं दिलं तर काय बाटतंय?" दाजींनी कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीनं बेरीज मांडली. सत्तेचाळीस आणि बारा, एकोणसाठ. "पाव्हणं, एकोणसाठीला परत बैलं इकायची? आन् बैलं असत्याल का?" अक्का म्हणाली, "रोज इळ्यानं कापणाऱ्याला रगात थांबत न्हाय, ते चाललं व्हय?"

चौघांचंही बरोबर होतं. मला झोप लागली नाही.

ओ.पी.डी.च्या बाकड्यावर दोन माणसं भेटली, त्यांच्याजवळ मला उत्तर मिळालं.

एक गवंडी होता. आठ वर्षं धातूचा वॉल घेऊन काम करत होता. तपासणीला आलेला. त्यानं दोन्ही हात पुढं केले. जुन्या जखमांच्या रेघा. "लागतं की. लागलं की दाबून धरायचं, पंधरा-वीस मिन्टं. घाबरायचं नाय. डोक्याला मार लागला तर मात्र दवाखाना. आन् गोळी चुकवायची नाय, बायको गेली तरी."

दुसरी रायगडकडची एक पोरगी, बावीस-तेवीसची. रोग तोच. तिनं जनावराच्या अंगचा वॉल मागितला होता. रक्त पातळ करायची गोळी पोटातल्या गर्भाला घातक असते. ती म्हणाली, "पुन्हा छाती उघडावी लागेल, ते मला ठाऊक हाय. पण मला पोर हवंय."

मग मी स्वतःला विचारलं, मला काय हवंय? माझी पोरगी चौदा वर्षांची, पोरगा दहाचा. मला पुन्हा ह्या बाकड्यावर यायचं नव्हतं. विळा दुसऱ्याच्या हातात देता येतो. मी धातूचा सांगितला.

मला बसला तो चित्रा वॉल. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी तो घडवला. परदेशी वॉल गरिबाला परवडत नव्हते, म्हणून त्यांनी हे काम धरलं. आधीचे नमुने फसले, चौथा टिकला आणि ६ डिसेंबर १९९० ला पहिल्या माणसाला बसला. कोबाल्टच्या मिश्रधातूची कडी, त्यात टणक प्लास्टिकची चकती तिरपी हलते, आणि शिवायला भोवतीनं कापडाची गोल किनार. किंमत परदेशी वॉलपेक्षा बरीच कमी.

अक्काच्या शेजारचे एक गृहस्थ अणुशक्ती केंद्रात होते. त्यांनी आणखी एक सांगितलं. ट्रॉम्बेला आयसोमेड नावाचा कारखाना आहे, १९७४ पासूनचा. ऑपरेशनला लागणारे हातमोजे, टाक्याचा दोरा, सुया, असल्या वस्तू बंद खोक्यात घालून कोबाल्टच्या किरणांपुढनं नेतात. खोकं न उघडता आतले जंतू मरतात. मी म्हटलं, "म्हंजे आमच्या भुईमुगाला दिली तीच किरणं?" ते हसले. म्हणाले, "जात तीच. बियाण्याला बेतानं, जंतूला जिवानिशी."

जानेवारी २००६ मध्ये ऑपरेशन झालं. आदल्या रात्री छातीवरचे केस काढले. मंडळीला आत येऊ देत नव्हते, तिनं दारातनं हात केला. मी तिला सांगितलं, "हरभऱ्याला पाणी द्यायला सांग." दुसरं काही सुचलं नाही.

पुढचं मला सांगोवांगी. छातीचं हाड मधोमध कापतात. रक्त बाहेरच्या यंत्रातनं फिरवतात, ते यंत्रच हृदयाचं आणि फुप्फुसाचं काम करतं. मग पोटॅशियमचं थंड पाणी सोडून हृदय थांबवतात. जुनी झडप कापून नवी शिवतात. हृदयात पुन्हा रक्त सोडलं की ते चालू होतं. हाड तारेनं बांधतात. त्या तारा अजून आत आहेत.

जाग आली तेव्हा तोंडात नळी, बोलता येईना. पोटातनं दोन नळ्या बाहेर. एक सिस्टर मोठ्यानं म्हणत होत्या, "काका, ऑपरेशन झालं, हात हलवा." मी हलवला. पुढचे दिवस वाईट होते, ते लपवायचं कारण नाही. खोकला आला की छाती उकलते असं वाटायचं. उशी पोटाशी धरून खोकायचं. तीन गोळ्यांचं एक खेळणं दिलेलं, श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. पहिल्या दिवशी एकही उचलली नाही. पाचव्या दिवशी दोन उचलल्या तर शेजारच्या कॉटवरच्या गड्यानं टाळ्या वाजवल्या.

आणि चौथ्या-पाचव्या रात्री माझ्या ध्यानात आलं की मी उताणा झोपलोय.

तिथनं दीड-दोन महिने ट्रॉम्बेलाच राहिलो, कारण गोळीचं माप बसायचं होतं. रक्ताची एक तपासणी असते, आय.एन.आर. माझा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधी राहायला हवा. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्त थांबत नाही. मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी खाल्ली की आकडा खाली येतो. भाजी सोडायची नाही, पण आज ताटभर आणि उद्या काहीच नाही असं करायचं नाही. रोज संध्याकाळी मी चालत धक्क्यापर्यंत जायचो. ओहोटीला चिखलात लांबवर रोहित पक्षी उभे असायचे. कोळणी विचारायच्या, "काका, आज कुठपर्यंत?" आधी टपरीपर्यंत, मग देवळापर्यंत, मग धक्क्यापर्यंत. त्या रक्त देणाऱ्या पोराच्या टपरीवर चहाचे पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, "तुझंच रगात हाय आत, चहा तरी माझा घे." त्यानं तोही घेतला नाही.

ह्या गोळीची कहाणी मला पोरीनं सांगितली. ती पुढं कृषी पदविकेला गेली. अमेरिकेत थंडीच्या मुलखात स्वीट क्लोव्हर नावाचा चारा असतो, आपल्या मेथीघासासारखा. तो बुरसला आणि जनावरांनी खाल्ला की शिंगाला जरा मार लागला तरी रक्त थांबायचं नाही, जनावर मरायचं. १९३३ साली विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी भर बर्फात मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताचा कॅन घेऊन विद्यापीठात गेला. तिथं कार्ल लिंक नावाच्या शास्त्रज्ञानं काही वर्षांनी त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढलं. त्यातनंच वॉरफेरिन निघालं. १९४८ ला उंदराचं औषध म्हणून आणि १९५४ ला माणसाचं. एका शेतकऱ्याचा गोठा उजाड झाला आणि त्याच्यावर माझ्यासारख्यांची घरं उभी आहेत. मी रोज रात्री ती गोळी घेतो तेव्हा त्या कालवडीची आठवण येते.

गावी आलो तेव्हा उन्हाळी भुईमूग फुलावर होता. दावण रिकामी होती. विळा मंडळीनं घेतला आणि परत दिला नाही. बैलाची शिंगं, झाडावर चढणं, कुऱ्हाड, सगळं बंद. पहिल्या वर्षी मी बांधावर बसून दुसऱ्याला कापताना बघायचो. ते सोसायला टाक्यांपेक्षा जड गेलं. माझ्या हातांना काम नव्हतं. मग पाण्याचं, बियाण्याचं, हिशेबाचं मी धरलं आणि जमेल तसं लिहायलाही लागलो. महिन्यातनं एकदा फलटणला रक्त तपासून आकडा वहीत लिहायचा. अशा सात वह्या झाल्या. वॉलचा आवाज फार नाही. दुसऱ्यांच्या छातीतनं घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. माझ्यात चकती प्लास्टिकची, म्हणून दबका आवाज. रात्री शांत असलं की मंडळीला ऐकू येतो. ती म्हणते, "चालू हाय."

दोन वर्षांनी तपासणीला गेलो तेव्हा ती रायगडची पोरगी बाकड्यावर दिसली. कडेवर पोर होतं. तिनं ओळखलं. आम्ही दोघांनी वेगळं मागितलं होतं आणि दोघांना मागितलेलं मिळालं होतं. तिला पुन्हा यावं लागणार होतं, मला रोज गोळी घ्यावी लागणार होती. मोफत कुणालाच नव्हतं.

लोक विचारतात, ऑपरेशनची भीती वाटते, काय करू? मी म्हणतो, ऑपरेशन डॉक्टरांचं असतं, आपण त्यात झोपलेले असतो. आपलं काम आधी आणि नंतर. आधी नीट विचारून घ्यायचं, कुठला वॉल, का, पुढं काय पाळायचं. आणि नंतर पाळायचं. भीती जात नाही, पण तिला काम लागतं.

त्याहून एक महत्त्वाचं. हे सगळं टळू शकतं. गेल्या साली शेजारच्या नातीला घसा आला, मग गुडघा सुजला, तो उतरून घोटा सुजला. अकरा वर्षांची पोर. आजी निरगुडीचा पाला आणायला निघाली होती. मी म्हटलं, "वैनी, पाला आणा, शेक द्या, पण पोरगी आधी माझ्यासंगं दवाखान्यात." इको काढला. झडपेला जरासं लागलंय, फार नाही. आता दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, पुढची कितीतरी वर्षं, म्हणजे पुन्हा ताप यायचा नाही आणि झडपेवर दुसरा घाव पडायचा नाही. इंजेक्शन दुखतं. पोर रडते. मी तिला माझी वही दाखवली, तिनंही एक केली.

पुढची सुई गुरुवारी आहे. सकाळच्या एस.टी.नं जायचं ठरलंय.